बिनकामाचे इंजिन

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या वार्षिकात दरवर्षी 'आई', 'पाऊस' आणि 'आजचा तरुण कोठे चालला आहे?' या तीन विषयांवर भरपूर मजकूर येतो. आई आणि पाऊस यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आजचा तरुण कोठे चालला आहे हे मात्र मला खरोखरच ठाऊक नसल्यामुळे मी वाफेच्या इंजिनावर लिहावयाचे ठरवले आहे. तेही रेल्वेच्या अजस्र इंजिनावर नव्हे, तर टेबलावर मावेल अशा, कोणाच्याही कसल्याही उपयोगी न पडणाऱ्या इंजिनावर. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा याच्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी कृपा करून लेख शेवटपर्यंत वाचावा.

इंग्लंडात 'मॉडेल इंजिनिअरिंग' नावाचा एक छंद आहे. पर्सिव्हल मार्शल या गृहस्थाने १८९८च्या जानेवारीत 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक लंडनहून काढले आणि त्याच वर्षी या छांदिष्टांची एक संस्थाही उभी राहिली. छंद असा : घरामागच्या शेडमध्ये एक छोटे लेथ मशीन, एक शेगडा, दोन-चार कानशी आणि ड्रिल एवढ्या सामग्रीवर खऱ्या इंजिनाची लहान प्रतिकृती तयार करावयाची. 'प्रतिकृती' या शब्दाने मात्र फसू नये. ही काचेच्या कपाटात ठेवण्याची शोभेची वस्तू नव्हे. हिच्या पोटात खरा कोळसा जळतो, खरे पाणी उकळते, वाफेचा दाब दर चौरस इंचाला ८० ते १०० पौंडांपर्यंत चढतो आणि पाच इंच रुंदीच्या रुळांवरचे असे इंजिन आठ-दहा मोठी माणसे सहज ओढून नेते. ते बांधणारा माणूस मागच्या बुटक्या गाड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसतो आणि चहाच्या चमच्याएवढ्या फावड्याने कोळसा घालतो. बागेतल्या रुळांना एक चक्कर मारून इंजिन जेथून निघाले तेथेच परत येते. असे एक इंजिन पुरे व्हायला पाच वर्षे लागतात, दहाही लागतात. काहींचे तर हयातीत पुरे होत नाही; मग तो अर्धवट सांगाडा दुसरा कोणी घेतो आणि पुढे नेतो.

मला या छंदाची ओळख झाली ती ग्रंथालयातल्या एका इंग्रजी कादंबरीमुळे. नेव्हिल शूट या लेखकाची 'ट्रस्टी फ्रॉम द टूलरूम' ही कादंबरी १९६०मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. शूट स्वतः विमानांचा इंजिनिअर होता. या कादंबरीचा नायक कीथ स्टुअर्ट हा पूर्वी कारखान्यात हत्यारे बनवणारा कामगार. आता तो लंडनच्या ईलिंग भागात राहतो, छोटी यंत्रे करतो आणि ती कशी करावीत यावर एका साप्ताहिकात लिहून जेमतेम पोटापुरते मिळवतो. त्याची बहीण व मेहुणा पॅसिफिक महासागरात बोट फुटून मरतात आणि त्यांच्या लहान मुलीचा सगळा वारसा त्या फुटक्या बोटीत अडकून राहतो. कीथजवळ पैसा नाही, वशिला नाही, परदेश त्याने कधी पाहिलेला नाही. तरीही तो जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतो. कारण वाटेत जागोजाग त्याला असे लोक भेटतात की ज्यांनी त्याचे लेख वाचून आपापल्या शेडमध्ये काहीतरी बनवलेले असते. हाताच्या कसबामुळे एका गरीब माणसाला साऱ्या जगात मान मिळतो, अशी कथा असलेली मराठी कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. असल्यास प्राध्यापकांनी नाव सांगावे, मी लगेच वाचीन.

'खेळणी आहेत ती!' असे म्हणून हा विषय झटकून टाकणाऱ्यांना मी ग्लासगो विद्यापीठाची आठवण करून देईन. तेथे पदार्थविज्ञानाच्या वर्गात दाखवण्यासाठी न्यूकोमेनच्या इंजिनाचे एक लहान मॉडेल होते. ते नीट चालेना म्हणून १७६३-६४च्या हिवाळ्यात दुरुस्तीसाठी जेम्स वॉट याच्याकडे आले. सिलिंडरचा व्यास अवघा दोन इंच. न्यूकोमेनच्या रचनेत सिलिंडरमध्ये वाफ सोडायची, मग त्यातच गार पाण्याचा फवारा मारून तिचे पाणी करायचे, म्हणजे पोकळी होऊन बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली लोटतो. वॉटने मॉडेल दुरुस्त केले, तरी ते चार फेरे मारी आणि थांबे. बॉयलरची वाफ पुरेना. खाणीवरची मोठी इंजिने तर याच तत्त्वावर वर्षानुवर्षे पाणी उपसत होती! विचार करता करता वॉटच्या ध्यानात आले की दर फेऱ्याला सिलिंडर गार होतो आणि तो पुन्हा तापवण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडते. मोठ्या इंजिनात ही उधळपट्टी चालून जाई. लहान सिलिंडरला आतल्या जागेच्या मानाने भिंतीच फार, त्यामुळे तेथे ती उघडी पडली. १७६५मध्ये त्याला वाफ वेगळ्या भांड्यात गार करण्याची कल्पना सुचली आणि १७६९मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. पुढचा इतिहास आपण शाळेत घोकलेला आहे. पण त्याची सुरुवात एका न चालणाऱ्या खेळण्यातून झाली हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

या हकिकतीत मला याहूनही महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट आहे. वॉट हा प्राध्यापक नव्हता, विद्यार्थीही नव्हता. तो उपकरणे बनवणारा व दुरुस्त करणारा कारागीर होता. शहरातल्या कारागिरांच्या संघाने त्याला दुकान घालू दिले नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. विद्यापीठाने मात्र त्याला आपल्या आवारात काम करायला खोली दिली आणि त्या खोलीत जोसेफ ब्लॅकसारखे नामांकित प्राध्यापक गप्पा मारायला येऊन बसत. आपल्याकडे महाविद्यालयात पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला स्टूल धरायला तरी कोणी पुढे होते का? तो येतो, शिडी लावतो, जातो. त्याला काय ठाऊक आहे हे विचारण्याची आपल्याला कधी गरजच भासत नाही.

आता थोडेसे त्या 'एल्.बी.एस्.सी.'विषयी. या टोपणनावाने 'मॉडेल इंजिनिअर'मध्ये चाळीस वर्षांहून अधिक काळ लिहिणारा माणूस १९६७मध्ये वारला. हे टोपणनाव म्हणजे 'लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट' या रेल्वे कंपनीची आद्याक्षरे. तरुणपणी तो तिच्या इंजिनांवर काम करीत असे. १९२०च्या सुमारास जाणत्या मंडळींचे मत असे होते की इतक्या लहान इंजिनात कोळसा पेटत राहणे शक्य नाही, त्याला स्पिरिटचा दिवाच हवा, आणि माणूस ओढण्याची तर गोष्टच सोडा. या पठ्ठ्याने स्वतः बांधलेल्या, अडीच इंची रुळांवर धावणाऱ्या 'आयेशा' नावाच्या इंजिनात कोळसा पेटवला आणि त्यामागे माणूस बसवून दाखवला. त्यावरून त्या पत्रात जो वाद पेटला त्याला 'बॉयलरची लढाई' म्हणतात. १९२४मध्ये प्रत्यक्ष रुळांवर सामना झाला आणि कोळसा जिंकला.

पण माझ्यासारख्याला त्याच्या इंजिनापेक्षा त्याची भाषा अधिक मोलाची वाटते. आराखडा आणि त्यासोबतचा मजकूर यांना तो 'शब्द आणि संगीत' म्हणे. समोर बसलेल्या साथीदाराला सांगावे तशा बोलीत, चेष्टामस्करी करीत, तो एकेक स्क्रू कसा करायचा ते सांगे. ज्याच्याकडे महाग हत्यार नाही त्याने काय करावे, हे त्यात आवर्जून असे. त्याची 'टिच' नावाची साडेतीन इंची रुळांवरची बुटकी इंजिने अगदी नवख्यांसाठी होती. ज्यांनी जन्मात लेथला हात लावला नव्हता अशा कारकुनांनी आणि दुकानदारांनी केवळ त्याचे लेख पुढे ठेवून चालती इंजिने उभी केली. आमच्या अभ्यासक्रमात 'गद्याचे प्रकार' शिकवताना ललित निबंध येतो, व्यक्तिचित्र येते, प्रवासवर्णन येते. वाचून माणसाच्या हातून इंजिन घडावे, असे गद्य कोणत्या प्रकारात मोडते?

या छंदात एक सूत्र सगळे जण मानतात : निसर्गाला लहान करता येत नाही. साडेतीन इंची रुळांवरचे इंजिन खऱ्याच्या सुमारे सोळाव्या हिश्शाचे असते. लांबी सोळावा हिस्सा झाली की पृष्ठभाग २५६वा आणि आकारमान ४०९६वा हिस्सा होते. म्हणजे पोटात मावणारे पाणी फारच घटले, पण उष्णता बाहेर टाकणारी कातडी त्या मानाने सोळा पट जास्त राहिली. खऱ्या बॉयलरमधून धुराच्या दोन-दोन इंची नळ्या शेकड्याने जातात. त्या सोळाव्या हिश्शाने लहान केल्या तर एकेक नळी एक सुताची होईल आणि काजळीने बुजून आग गुदमरेल; कारण धूर काही सोळाव्या हिश्शाचा होत नाही. म्हणून चांगला कारागीर मोजक्याच आणि प्रमाणाबाहेर जाड नळ्या घालतो. बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन हुबेहूब दिसते. आत मात्र ते मूळ इंजिनाहून वेगळे असते आणि म्हणूनच चालते. मला तर हे वाचताना भाषांतराची आठवण झाली. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर असेच गुदमरते. वर्गात हा मुद्दा मी तीन तासांत समजून घेतला नव्हता तो धुराच्या नळ्यांनी पाच मिनिटांत समजावला.

बॉयलरचे काम सर्वांत नाजूक. तो तांब्याच्या पत्र्याचा करतात आणि सांधे चांदीच्या झाळणाने झाळतात. पेटवण्यापूर्वी त्यात काठोकाठ पाणी भरून चालू दाबाच्या दुप्पट दाब देतात. पाणीच का? तर पाणी दाबले जात नाही, म्हणून सांधा फुटला तरी नुसती चिळकांडी उडते; वाफ भरून तीच परीक्षा घेतली तर माणूस जायचा. ही परीक्षा बांधणाऱ्याने स्वतः घ्यायची नसते. क्लबातला दुसरा जाणकार ती घेतो आणि मगच दाखला मिळतो. दोस्ती असली तरी यात सूट नाही. आपल्या परीक्षांविषयी काही लिहिण्याचा मोह येथे आवरता घेतो.

येथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. मी त्यांना मोबाइलवर एका लहानशा उभ्या इंजिनाचे चित्रण दाखवले. पाऊण इंचाचा सिलिंडर, तीन इंचांचे चाक. याच्या बिडाच्या ओतीव सुट्या भागांचा संच 'स्टुअर्ट' या नावाने विकला जातो आणि तिकडे किती तरी पिढ्यांनी याच इंजिनापासून श्रीगणेशा केला आहे. वडिलांनी ते तीनदा पाहिले. मग म्हणाले, "फिनिश चांगलं हाय. पर ह्ये घेतंय कोण?" मी म्हटले, कोणी घेत नाही, तो माणूस ते स्वतःसाठीच करतो. "मग मजुरी कोण देतं त्येला?" मी म्हटले, कोणीच नाही. यावर ते हसले आणि म्हणाले, "अरं बाबा, दिसभर लेथवर उभा ऱ्हायल्यावर घरात येऊन पुन्ना कोण लेथवर उभा ऱ्हाईल? तुज्या हाताला काळं लागू नये म्हणून तर तुला कॉलेजात घातलाय."

या छंदाविरुद्ध मी ऐकलेल्या सर्व आक्षेपांत हा एकच आक्षेप खरा वजनदार आहे. 'खेळणी' म्हणणाऱ्यांना वॉटचे उदाहरण पुरते. वडिलांना ते पुरत नाही. छंदाला फुरसत लागते, आणि फुरसत ही कोणी तरी मिळवून द्यावी लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस, रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे झगडल्यावर. त्यानंतर आठच वर्षांनी तिकडे लंडनमध्ये मार्शलचे मासिक निघाले. तिकडच्या गिरण्यांत कायद्याने शनिवारी दुपारी काम थांबू लागले होते ते १८५०पासून. या तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे शेडमधले इंजिन तिकडे का झाले आणि इकडे का झाले नाही, याचे निम्मे उत्तर मिळते. आपल्या लोकांना हौस नव्हती असे म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

तरीही मी वडिलांशी पूर्णपणे सहमत नाही, आणि हे त्यांनाही सांगून झाले आहे. त्यांनी आयुष्यात हजारो बुश काढले, शाफ्ट काढले, पुल्या काढल्या. त्यांतला एकही नग आमच्या घरात नाही. प्रत्येक नगाचा आराखडा दुसऱ्याने दिला, माप दुसऱ्याने तपासले, आणि तो कोणत्या यंत्रात बसला हे त्यांना कधी कळलेही नाही. ज्या माणसाच्या बोटांना हजारांश इंच कळतो त्याने स्वतःच्या मनाने, कोणी न सांगता, एकही वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत केलेली नाही. शेडमधला तो इंग्रज कारकून वडिलांपेक्षा कसबात कितीतरी कच्चा असेल. पण त्याचे इंजिन त्याचे आहे. काळे हात वाईट नसतात. ते काळे कोणासाठी झाले, हा प्रश्न आहे. आणि मला कॉलेजात घालून हात पांढरे ठेवल्याने तो प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. तो फक्त माझ्यापुरता टळतो.

एक मित्र म्हणाला, हे सगळे साहेबाचे स्मरणरंजन आहे. यात तथ्य आहे. ब्रिटिश रेल्वेने आपले शेवटचे वाफेचे इंजिन 'ईव्हनिंग स्टार' १९६०मध्ये बांधले आणि १९६८मध्ये मुख्य मार्गांवरून वाफ कायमची गेली. त्यानंतर लहान इंजिनांवरचे प्रेम अधिकच उफाळून आले असणार. प्रतिकृती फार स्वच्छ असते. तिच्यात पितळ चकाकते, पण कोळसा फेकून फेकून कंबर मोडलेला फायरमन तिच्यात नसतो. बोरघाटात डोंगर फोडताना पटकीने आणि सुरुंगाने मेलेले मजूर नसतात. आपल्या हातांना इंजिन बांधता येत नव्हते असेही नाही. अजमेरच्या कारखान्यात १८९५मध्येच पहिले इंजिन बांधले गेले होते. तरी कंपन्यांच्या मोठ्या मागण्या विलायतेकडे जात राहिल्या आणि चित्तरंजनच्या कारखान्यातून इंजिने बाहेर पडायला १९५० साल उजाडावे लागले. त्याच चित्तरंजनने १९७०मध्ये बांधलेल्या शेवटच्या ब्रॉडगेज वाफेच्या इंजिनाचे नाव 'अंतिम सितारा' ठेवले. साहेबाने संध्याकाळचा तारा म्हटले, आपण शेवटचा म्हटले. नाव आपले अधिक स्पष्ट आहे. असो. पण मित्राला माझे उत्तर एवढेच की, मग आपण आपले मॉडेल करू आणि त्यात ज्याला त्याला त्याची जागा देऊ. पाच फूट सहा इंचांचे आपले ब्रॉडगेज सोळाव्या हिश्शात सव्वाचार इंचांना थोडे कमी भरते. त्या मापाचे रूळ तिकडच्या कोणत्याही क्लबात नाहीत. ते आपल्यालाच घालावे लागतील.

हा पुरुषांचा खेळ आहे असाही एक समज आहे. त्यावर एकच नाव पुरे : चेरी हिल. या इंग्रज बाईंनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, विस्मृतीत गेलेल्या रस्त्यावरच्या वाफेच्या गाड्या जुने आराखडे शोधून सोळाव्या हिश्शात बांधल्या. एकेका गाडीला हजारो तास दिले, तिकडचे मोठमोठे मानसन्मान मिळवले आणि आपल्या गाड्या लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेला देऊन टाकल्या.

आपल्याकडे वाफेचे इंजिन गरिबाच्या पोरापर्यंत पोचले ते एकाच रूपात. जत्रेत मिळणारी पत्र्याची होडी सर्वांनी पाहिली असेल. आत तेलाची वात पेटवायची, आणि घमेल्यातल्या पाण्यात ती फटफट करीत फिरू लागते. ना चाक, ना दट्ट्या, ना झडप. छोट्या डबीतले पाणी वाफ होऊन नळ्यांतले पाणी मागे ढकलते, लगेच वाफ निवते आणि पाणी पुन्हा आत ओढले जाते. जाताना पाणी सरळ धारेने जाते, येताना चोहोबाजूंनी येते, म्हणून होडी पुढेच सरकते. थॉमस पियो या माणसाने १८९१मध्ये इंग्लंडात या प्रकाराचे पेटंट घेतले. आपल्याकडच्या पत्रा-कामगारांनी ते डब्यांच्या पत्र्यातून असे काही उतरवले की ते मूळचे परके आहे असे कोणाला वाटणारही नाही. ही होडी डाग देऊन जोडणाऱ्या माणसाला मॉडेल इंजिनिअर म्हणायचे की नाही? मी म्हणतो. फरक एवढाच की तो ती विकून दोन वेळचे खातो.

कला आणि लेथ यांचा संबंध काय, या सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तर कोल्हापूरकराने विलायतेला जाण्याची गरजच नाही. बाबूराव पेंटर हे नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रकार. शाळेत फार न शिकलेला हा कलावंत सिनेमा काढायच्या ध्यासाने झपाटला. कॅमेरा मिळेना, तेव्हा १९१८च्या सुमारास विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन त्यांनी तो येथेच बनवला. त्या कॅमेऱ्यावर उभ्या राहिलेल्या कंपनीचा 'सैरंध्री' १९२०मध्ये पडद्यावर आला. रंगाची कुंचली आणि लेथचे हत्यार एकाच हातात होते आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. मग आमच्या काळात कला शाखा आणि कानस यांच्यामध्ये ही भिंत कोणी घातली?

'मग आयटीआयला जायचे होते,' हे उत्तर मला तयारच मिळते. आयटीआय नोकरीसाठी आहे आणि ते योग्यच आहे. मी जे मागतो आहे ते नोकरीसाठी नाही. आम्ही कविता तरी नोकरीसाठी कोठे वाचतो? कवितेला 'उपयोग काय?' असे विचारणाऱ्यावर आमचे प्राध्यापक रागावतात. तोच प्रश्न यंत्राला विचारताना मात्र त्यांना काही चुकते आहे असे वाटत नाही. १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, तिचे काय झाले हे शिक्षणशास्त्राच्या पेपरात पाच गुणांसाठी आम्ही लिहितो आणि हात धुऊन टाकतो.

माझी सूचना साधी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढण्यापूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकले होते. त्यांच्या नावाने आपण 'कमवा आणि शिका' योजना चालवतो. तीत मुले ग्रंथालयातली पुस्तके पुसतात आणि बागेला पाणी घालतात. त्यात भर म्हणून जिमखान्याच्या मागे मोडके बाक भरून ठेवलेली जी खोली आहे ती रिकामी करावी. एक जुना चार फुटी लेथ, दोन शेगडे, एक ड्रिल आणि कानशी. उद्यमनगरात जुनी यंत्रे विकायला निघतच असतात. शिकवायला प्राध्यापक नकोत. साठीला आलेले, डोळे अधू झाल्यामुळे घरी बसलेले टर्नर आणि फिटर गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्या बोटांत जे आहे ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, आणि ते त्यांच्याबरोबर जाणार आहे. आम्ही मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून काम शिकावे आणि शिकता शिकता ते लिहून काढावे, त्यांच्याच शब्दांत. नागपूरचे 'उद्यम', पुण्याचे 'सृष्टिज्ञान' अशा मासिकांनी हे रान एके काळी थोडेफार नांगरून ठेवले होते. त्यात पुन्हा पेरायला काय हरकत आहे? पहिल्या वर्षी इंजिन होणार नाही. दुसऱ्याही वर्षी होणार नाही. मी तर तोवर पदवी घेऊन गेलेलोही असेन. अर्धा सांगाडा पुढच्या मुलांना मिळेल.

वडिलांना ही योजना वाचून दाखवली. खर्चाचा आकडा त्यांनी दोन जागी दुरुस्त केला. चार फुटीऐवजी साडेचार फुटी लेथ घ्या, पुढे पस्तावाल, असेही सांगितले. शिकवायला याल का, असे विचारले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अट घातली ती चकच्या चावीची. चक आवळून झाल्यावर चावी त्यातच विसरली आणि मशीन सुरू केले तर ती गोळीसारखी सुटते. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकाचा डोळा तशाने गेला आहे. "पैला म्हैनाभर पोरांच्या हातात नुसती कानस द्यायची," ते म्हणाले, "आनि चावी माज्या खिशात ऱ्हाईल."